उशांचं खोकं

— नाही, ती खुर्ची नको. ती मधे खचलीय, बसाल सुखानं आणि उठताना आई आठवेल. इकडे या, या बाकावर, भिंतीच्या बाजूनं. हां. आता पाय सोडा मोकळे, आणि असे परीक्षेला बसल्यासारखे ताठ नका बसू — ताठ बसलं की पाठ खूश होते असं कुणी सांगितलंय तुम्हाला? आत पाठदुखीचा वर्ग घेणाऱ्या बाई तर म्हणतात की चांगलं बसणं असं काही नसतंच, एकाच जागी फार वेळ बसायचं नाही, एवढंच. थोड्या वेळानं उठून त्या खिडकीपर्यंत एक चक्कर मारून या, मी जागा धरून ठेवतो. नंबर कितवा? मग वेळ आहे. आत मंगळवारचा वर्ग चाललाय, तो सुटल्याशिवाय बाई नवीन माणसाला बघत नाहीत.

फरशी बसवता. वाटलंच — पँटच्या गुडघ्यांवर ते दोन पांढरे गोल आहेत ना, ते दुसऱ्या कुठल्या कामात पडत नाहीत. मी? मी घरसामान हलवतो. लोक एक घर सोडून दुसऱ्या घरात जातात ना, त्यांचं सगळं — कपाटं, पलंग, फ्रीज, कुंड्या — खाली उतरवायचं, गाडीत लावायचं, आणि तिकडे पुन्हा वर चढवायचं. लिफ्ट असली तरी कपाट लिफ्टमधे मावत नाही, म्हणजे जिना आलाच. चौदाव्या वर्षी लागलो, आता एक्कावन्न. किती झाली? सदतीस. सदतीस वर्षं जिने. माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधून कुठल्याही इमारतीत सोडा, नुसत्या पायऱ्यांवरून सांगेन किती जुनी आहे ते. माझी पाठ कशी गेली? कपाटानं. तीन दारांचं लोखंडी कपाट, तिसऱ्या मजल्यावरून, मी वरच्या टोकाला आणि लंबू खालच्या — लंबू म्हणजे माझा जोडीदार, एकवीस वर्षं आम्ही एकाच वस्तूची दोन टोकं धरतोय — वळणावर आलो, मी पाऊल टाकलं आणि पाठीत कट्ट झालं. आवाज लंबूलासुद्धा आला म्हणे. आला नसेल, पण तो तसं सांगतो.

त्या पिशवीत फोटो आहे का, पाठीचा? असू द्या, काढू नका, मला कळत नाही त्यातलं. माझाही काढला होता. डॉक्टरनं उजेडावर धरला, पेन फिरवलं आणि म्हणाला, इथं झीज आहे, इथं गादी जरा बसलीय. एवढंच म्हणाला बिचारा, बाहेर रांग होती. पण मी घरी काय घेऊन गेलो? झीज. मला उठताबसता एकच दिसायचं — माझ्या पाठीत एक लाकडी शिडी आहे, तिला वाळवी लागलीय, आणि मी जोरात शिंकलो की ती भुगा होऊन खाली बसणार. मी शिंका दाबायचो हो. नाक धरून, डोळ्यांतून पाणी. हसताय, पण तुम्हीही आत्ता बसताना श्वास धरलात, मी बघितलं. पुढे वर्गात बाईंनी काय केलं, आम्हा आठ जणांचे फोटो एका ओळीत टांगले आणि त्यांत नववा घातला, आणि म्हणाल्या, ओळखा बघू, यातली न दुखणारी पाठ कुठली. आम्ही सगळ्यांनी मिळून सगळ्यात छान दिसणारा फोटो दाखवला — तो निघाला विटा वाहणाऱ्याचा, ज्याला त्या दिवशी चपलेचा पट्टासुद्धा लावता येत नव्हता. आणि सगळ्यात झिजका फोटो होता तो खुद्द बाईंचा. त्या समोर उभ्या, चांगल्या खुटखुटीत, डब्यातला खडू खाली पडला तर वाकून उचलतात. म्हणाल्या, वय झालं की मणके पिकतात, केस पिकतात तसे. पिकलेला केस दुखतो का?

पहिल्यांदा त्या वेगळंच विचारतील तुम्हाला, आत्ताच सांगून ठेवतो, लाजू नका — लघवी अडते का, मांड्यांच्या मधे बधिर वाटतं का, पायातली ताकद गेलीय का, ताप आहे का, वजन उतरलंय का. यातलं काही असेल तर वर्ग नाही, सरळ मोठ्या डॉक्टरकडे, त्याच दिवशी. आमच्यातला एक लाजला होता, त्याला बाईंनी सगळ्यांसमोर काही न बोलता बाहेर नेलं आणि गाडीत बसवूनच परत आल्या. तुम्हाला नाही ना तसलं काही? नक्की? मग झालं. मग उरलं ते साधं दुखणं, आणि साधं म्हणजे कमी दुखतं असं नाही — साधं म्हणजे त्यानं काही मोडत नाही. हे वाक्य लिहून घ्या वाटलं तर, दुखतंय म्हणजे मोडतंय असं नाही. आमच्या मालकाची एक जुनी गाडी आहे, चोर आला तर ओरडायचा भोंगा बसवलाय तिला, आता मांजर घासून गेलं तरी ती गल्ली डोक्यावर घेते. तशी पाठ होते म्हणे. एकदा घाबरली की साध्या वाकण्यालाही ओरडते. म्हणून पडून राहायचं ते एक दिवस, फार तर दोन. मग हलायचं. घरात चाला, मग दारापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत. ओझं पोटाशी धरा, लांब धरलं की तेच ओझं चौपट होतं — हे मात्र मला बाईंनी शिकवायची गरज नव्हती, हे मी लंबूला शिकवलंय. आणि कामावर लवकर जा, सगळं दुखणं थांबायची वाट बघू नका, वाट बघत बसलेला माणूस बसलेलाच राहतो. असं सहा मंगळवार. मला तोंडपाठ आहे. बाई आजारी पडल्या तर मी घेऊ शकेन वर्ग.

हो मावशी, ऐकलं. येतो. झालंच माझं.

ती मावशी दारावरची. तिला घाई फार. बसा हो तुम्ही, मला बोलावतायत, तुम्हाला नाही. काय सांगत होतो — तोंडपाठ. आमच्या इमारतीत कुणाची पाठ धरली की लोक माझ्याकडे यायचे. खालच्या मजल्यावरचा शिंपी आला, शाळेतल्या शिपायाची बायको आली, घरमालकाचा जावई आला. मी सगळ्यांना सांगायचो, उठा, चाला, पडून राहू नका, अंथरूण हा पाठीचा वैरी आहे. आणि हे सगळं मी कुठून सांगायचो? अंथरुणातून. दोन उशा मानेखाली, एक गुडघ्यांखाली, छातीवर चहाचा कप. शिंपी तर महिन्याभरात बरा होऊन मशीनवर बसला, मला भेटायला आला तेव्हा मला म्हणतो, तुमच्यामुळे उठलो. मी पडल्या पडल्याच त्याची पाठ थोपटली.

नाही, आज मी पेशंट नाही. आत आमची मंडळी आहे. नाही नाही, सोबत नाही आली माझ्या, मी आलोय तिच्यासोबत. तिचीच पाठ. तिचा हा चौथा मंगळवार, आणि चौथा मंगळवार म्हणजे घरच्यांचा — पेशंटच्या घरचं एक माणूस आत जाऊन बसायचं, बाई फळ्यावर लिहितात, घरात कोण काय उचलतं. बाकी सगळ्यांच्या घरचे आत गेले कधीच. मी जरा इथं... तुमच्याशी बोलणं निघालं म्हणून.

ती काय काम करते? दोन कार्यालयं झाडते, पुसते. आधी एकच होतं. मी पडलो तेव्हा दुसरं धरलं, तिथं आठ मजले आहेत आणि बादली भरायचा नळ तळाला. पण तिला कुणी कामगार म्हटलंच नाही कधी, मीसुद्धा नाही. पहिल्या मंगळवारी बाईंनी सगळ्यांना विचारलं, दिवसभर काय काय उचलता. मी दाराशीच उभा होतो. एक म्हणाला पोती, एक म्हणाला सळया, एक म्हणाला पेटाऱ्या, माशांच्या. हिची पाळी आली. ही म्हणाली, बादल्या, गॅसची टाकी, ओल्या चादरी, गादी — आणि नवरा. सगळे हसले. चांगलं हसले, बाईसुद्धा. ही नाही हसली. तिनं खरोखरच यादी सांगितली होती.

किती दिवस पडून होतो म्हणजे? होतो बरेच दिवस. सुरुवातीचं खरं होतं हो, सुरुवातीचे दोन महिने कुशीवर वळायचं म्हटलं तरी दातांखाली चादर धरावी लागायची. ते खोटं नव्हतं. आणि तुम्हाला मघाशी कपाट म्हटलं ना मी — कपाट नव्हतं ते. आता तुम्ही काय, आज भेटलात, उद्या भेटणार नाही. कपाट आम्ही उतरवलं होतं सकाळीच, फ्रीज उतरवला, शिसवी पलंग उतरवला, सगळं झालं होतं. शेवटचं एक खोकं राहिलं होतं, दाराशी. मी वाकलो, एका हातानं उचललं — आणि कट्ट. उशा होत्या त्यात. चार उशा आणि एक मुलांचं मऊ अस्वल. मी त्या खोक्यावरच आडवा पडलो आणि लंबू म्हणाला, काय रे, झोप आली का. सदतीस वर्षं लोकांची लोखंडं वाहिली आणि मला पाडलं कशानं, उशांनी. बाई म्हणतात, होतं तसं, पुष्कळदा असल्याच क्षुल्लक गोष्टीनं धरते पाठ, त्यात लाजायचं काय. त्यांचं बरोबर आहे. पण त्यांना गाडीवर बसून डबा खायचा नसतो ना आमच्या लोकांबरोबर. मी लंबूला शपथ घातली, कपाट सांग. त्यानं कपाट सांगितलं. आवाज आला असंही सांगितलं, स्वतःच्या पदरचं. एवढा जोडीदार.

आणि मग वर्ग झाला. लंबूच आणायचा मला, कंपनीच्या गाडीत, मागे गादीवर घालून, सामानासारखा. वर्गात सगळं पटायचं. खोटं कशाला बोलू, बाई बोलायला लागल्या की मला वाटायचं आत्ता उठावं आणि इथून चालत घरी जावं. घरी आलो की पलंग दिसायचा. ही म्हणायची, बाईंनी चालायला सांगितलंय ना, चला, मी धरते, खिडकीपर्यंत. मी म्हणायचो, उद्या. ओरडायचो नाही तिच्यावर, तसा माणूस नाही मी. फक्त उद्या म्हणायचो. तिनं मग विचारायचं सोडलं. मला धरून बसवायची, मागे उशी द्यायची, अंग पुसायची, मोजे घालायची. पायांना थंडी वाजायची माझ्या, पडून पडून. दोन कामांच्या मधे घरी यायची त्यासाठी, चपला न काढता. आली की आधी विचारायची, आज कसं आहे. मी म्हणायचो, आहे तसंच.

मावशी, दोन मिनिटं. दोनच.

भीती वाटत होती का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, सगळे हेच विचारतात, आणि मी हो म्हणतो, कारण भीतीचं वर्गात शिकवलेलं असतं, ते चालतं. भीती होतीच. पण एकटी भीती नव्हती. थकलो होतो हो मी. पाठ नाही — मीच. चौदाव्या वर्षापासून कुणी मला म्हटलं नव्हतं की आज राहू दे. तापात गेलोय, मुलीच्या बारशाच्या दिवशी अर्धा दिवस गेलोय, बाप गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी गेलोय. आणि आता अचानक जो तो येतो आणि म्हणतो, पडून राहा, जपा. दुपारी ऊन भिंतीवरून सरकत जातं ते कसं दिसतं मला माहीतच नव्हतं. घड्याळाच्या खालून निघतं आणि दाराच्या चौकटीवर संपतं. मी रोज बघायचो. दुखणं गेलं तर हे जाईल, असं मी मनात कधी बोललो नाही. पण दुखणं चाललंय हे अंगाला कळत होतं आणि मी ते कुणाला सांगत नव्हतो, स्वतःलासुद्धा.

मग ते नळाचं झालं. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्याकडे पाणी दुपारी येतं, कधी दोनला, कधी तीनला. ही कामाला गेली तेव्हा नळ कोरडा होता, तो उघडाच राहिला, खाली पिंप. मी पडलेला. पाणी आलं, पिंप भरलं, वाहायला लागलं. आधी आवाज आला, मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून पाणी बाहेर येताना दिसलं, तिच्या शिलाईमशीनच्या खाली जुन्या कपड्यांचं गाठोडं होतं त्याच्याकडे निघालं. आणि मी उठलो. कसा उठलो ते विचारू नका, मला आठवत नाही. नळ बंद केला, गाठोडं वर ठेवलं, फडकं घेतलं, अर्धी खोली पुसली, पिळलं, पुन्हा पुसली. भरलेली बादली उचलून मोरीत ओतायला निघालो आणि मधेच थांबलो — म्हटलं, ही बादली कुणी धरलीय? मी धरली होती. काठोकाठ भरलेली, एका हातात. आणि पाठ गप्प. एक ओढ होती, जुनी, ओळखीची, बस. मी उभा राहिलो तसाच. तुम्हाला वाटेल आनंद झाला असेल. मला पहिल्यांदा काय आठवलं सांगू? की हे पुसलेलं बघून तिला कळेल.

मी नळ पुन्हा उघडला.

हो. तुम्ही ऐकलंत ते बरोबर ऐकलंत. गाठोडं खाली ठेवलं जिथं होतं तिथं, फडकं खुंटीला लावलं, नळ उघडला आणि पलंगावर जाऊन पडलो. पाय पुसून पडलो, ओले दिसू नयेत म्हणून. पाणी बाहेरच्या खोलीत आलं, पलंगाखाली आलं, मी बघत होतो. ती पाचला आली. आठ मजले पुसून आली होती. दारात उभी राहून तिनं नुसतं बघितलं, मला म्हणाली, किती वेळ वाहतंय? आणि लगेच म्हणाली, तुम्ही तरी काय करणार. पदर खोचला आणि दीड तास घर पुसत होती. वाकून. मधे एकदा कमरेवर हात ठेवून उभी राहिली, भिंतीला टेकून. मी म्हटलं, हळू, गुडघ्यात वाक. बाईंनी शिकवलेलं. असं मी म्हटलं तिला.

त्यानंतर? त्यानंतर पडून राहिलो, आणखी काय. एकदा केलेलं निस्तरता येत नाही लवकर, रोज वाटायचं आज उठावं, पण आज उठलो तर काल का नाही, हे आलंच. ती गेली की दार लावून चालायचो खोलीत, खिडकीपासून मोरीपर्यंत, शंभर फेऱ्या, दीडशे. पाय गेले असते नाहीतर. तेवढी तब्येत राखली. आणि तिच्या पावलांचा आवाज आला की आडवा. एक महिना चाललं असेल. दोन महिने. नाही — जास्तच.

मग एका सकाळी ती माझ्या पायांशी वाकली होती, मोजा घालायला. उजवा झाला, डावा अर्धा वर आला आणि ती थांबली. मला वाटलं काही शोधतेय. पलंगाच्या दांडीला धरलेला हात पांढरा पडला होता. म्हटलं, काय गं. म्हणाली, मला सरळ होता येत नाहीये. एवढ्या हळू म्हणाली, जसं काही तिचीच चूक आहे. मी उठलो. दोन्ही पायांवर, तो अर्धा मोजा तसाच. तिला उचललं — पाठुंगळी नाही, पुढून, पोटाशी धरून, धरायचं तसं. दार पायानं उघडलं आणि जिना धरला. आमचा चौथा मजला, लिफ्ट नाही. पहिल्या वळणापर्यंत ती कण्हत होती. दुसऱ्या वळणावर कण्हणं थांबलं. मला वाटलं दुखायचं कमी झालं. तिनं मान वर केली, माझ्या तोंडाकडे बघितलं. मला धापसुद्धा लागली नव्हती हो, सदतीस वर्षं जिने चढलेला माणूस मी, बाईमाणूस ते केवढंसं — हलकी झाली होती फार, मला ते उचलल्यावरच कळलं. तिनं विचारलं, कधीपासून?

मी काय म्हणालो? मी म्हणालो, वळण आलं, पाय आत घे.

लंबूला म्हणतो तसं. तिनं पाय आत घेतले. खाली शिंप्यानं गाडी थांबवली, दवाखाना झाला, गोळ्या झाल्या, मग इथं वर्गाची चिठ्ठी. तिनं पुन्हा विचारलं नाही. एकदाही नाही. इमारतीत काय पसरलंय ठाऊक आहे? की बायको पडली तसा हा ताडकन उठला, वर्षभर पडलेला माणूस, केवढी माया. शिंपी सांगतो येणाऱ्याजाणाऱ्याला. लंबूनं गाडीवर सगळ्यांना सांगितलं, त्याला खरंच तसं वाटतं. ती ऐकते. ऐकते आणि फडक्याची घडी घालते. आता घरातलं सगळं मी उचलतो, टाकी, पिंप, गाद्या, तिच्या एका कार्यालयाच्या बादल्याही मीच वर नेऊन देतो कामावर जायच्या आधी. कामावर गेलो परत, हो, पाठ दुखते अधूनमधून, दुखली तर दुखली. तीही सुधारलीय, कोपऱ्यापर्यंत चालून येते, वाकते. बोलते, सगळं बोलते. मीठ आणा, मुलीचा फोन आला होता, वरच्यांकडे पाहुणे आलेत. फक्त आज कसं आहे, असं विचारत नाही.

मागच्या मंगळवारी बाईंनी मला दारात पकडलं. तुम्ही तर आमचे जुने विद्यार्थी, म्हणाल्या, पुढच्या वेळी आत या आणि सगळ्यांना सांगा — एवढे दिवस पडून राहिलेला माणूस कसा उठला, कधी उठला, नेमकं. तुमच्यासारख्या माणसानं सांगितलं की लोकांना धीर येतो. मी हिच्याकडे बघितलं. ती चप्पल घालत होती. वर न बघता म्हणाली, हो, सांगतील ते.

आता मला सांगा, काय सांगू. शिंपी सांगतो ती मायेची गोष्ट तयार आहे. चांगली आहे, ऐकायला बरी वाटते, बाईंना आवडेल, त्या आठ माणसांना धीर येईल. आणि ती तिथं पहिल्या ओळीत बसलेली असेल, हात मांडीवर ठेवून, आणि काही म्हणणार नाही. आयुष्यभर काही म्हणणार नाही, ओळखतो मी तिला. तेच तर आहे. नाही, तुम्ही काही सांगू नका. तुम्ही कशाला सांगाल, तुमची पाठ दुखतेय, तुम्ही तुमचं बघा. मी आपला बोलत बसलो, कामाला लावलं तुम्हाला ऐकायच्या.

आलो मावशी. नाही, आता खरंच आलो. दार लावू नका.

पाच महिने अकरा दिवस. नळाच्या दिवसापासून मोज्याच्या दिवसापर्यंत. तारखेनं सांगता येतं मला, एवढे दिवस महिना-दोन महिने म्हणत होतो. नको, हात नका देऊ, राहू द्या — मला उठता येतं. सरका थोडे तिकडे.